एजंटाच्या हाती खोडरबर देताना काय लिहून द्यायचं

आपल्याकडं एजंट म्हटलं की पहिला पिग्मीवाला आठवतो. रोज संध्याकाळी दुकानात येणार, शंभर-दोनशे घेणार, मशीनमधनं पावती काढून देऊन पुढच्या दुकानात. पिग्मी ही कर्नाटकातलीच गोष्ट, १९२८ मधे उडुपीच्या ज्या बँकेनं ती चालू केली तिचंच नाव पुढं सिंडिकेट बँक झालं. या एजंटाला पैसे घ्यायचा अधिकार असतो, खाती बंद करायचा नसतो, आणि समजा कुणी दिलाच तरी एखाद्या खात्यात कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाचे पैसे साठताहेत हे त्याला ठाऊक असतं. एआय एजंटाला, म्हणजे आपण सांगितलेलं काम स्वतःच पायरी-पायरीनं करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, ते ठाऊक नसतं. त्याला आपण लिहून दिलंय तेवढंच.

म्हणजे खरंच तेवढंच हं. एजंट काम करतो ते टूल वापरून, म्हणजे नोंद शोधणं, डिलीट करणं असं एकेक काम करणारे छोटे प्रोग्रॅम. टूलच्या आतला कोड मॉडेलला, म्हणजे एजंटाचं डोकं असलेल्या एआयला, सहसा दिसतच नाही, त्याच्यापुढं फक्त मजकूर येतो: टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कुठल्या रकान्यात काय भरायचं ते. ते वाचून मॉडेल ठरवतं की हे टूल चालवायचं, आणि प्रत्यक्ष चालवतं ते दुसरंच सॉफ्टवेअर.

मी इथं बेळगावात सोसायट्यांची हिशोबाची सॉफ्टवेअर करतो. गेल्या पावसाळ्यात एजंटाला सांगितलं, डबल झालेल्या जुन्या नोंदी काढून टाक. टूलच्या वर्णनात मी एकच ओळ लिहिली होती, 'अटीत बसणाऱ्या नोंदी डिलीट करतं'. आता १ नोव्हेंबर २०१४ ला आपल्या शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळं आधीच्या सभासदांच्या पत्त्यात बेळगाव आणि नंतरच्यांच्या पत्त्यात बेळगावी. एजंटानं सरळ अर्थ लावला, बेळगाव म्हणजे जुनं, आणि सगळ्यात जुने सभासदच उडाले. टेस्टची कॉपी होती म्हणून वाचलो, पण शेजारी बसलेला सोसायटीचा क्लार्क "सगळं गेलं की ओ" म्हणाला ते अजून कानात आहे.

तेव्हापासनं मी हे वर्णन कसं लिहावं यावर फार विचार करतोय. पहिली गोष्ट, अट रिकामी राहिली तर काय? एसक्यूएलमधे (डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा) डिलीटच्या पुढं व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळी ती अट, लिहिलं नाही तर टेबलमधल्या सगळ्या ओळी जातात, ही नव्या पोरांची नेहमीची चूक. एजंटाच्या टूलमधे रिकामी अट आली तर ते चाललंच नाही पाहिजे आणि वर्णनातही तसं स्पष्ट हवं, कारण 'रिकामं म्हणजे काहीच नाही' आणि 'रिकामं म्हणजे सगळं' हे दोन्ही अर्थ तितकेच पटण्यासारखे आहेत.

दुसरी गोष्ट अर्धवट कामाची, आणि खरी गोची इथं आहे. ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणुकीत एका वेळी जास्तीत जास्त १००० वस्तू डिलीट करता येतात, आणि उत्तरात कुठली गेली, कुठली अडकली हे वेगवेगळं कळतं. चांगली पद्धत आहे. पण समजा टूलनं काम केलं आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं (खानापूरकडं पावसात हे रोजचंच), तर एजंटाला वाटणार काम झालंच नाही आणि तो परत तेच टूल चालवणार. टूल जर 'सगळ्यात जुन्या ५०० नोंदी काढ' असं असेल तर दुसऱ्या वेळी पुढच्या ५०० जातात! तेच जर नोंदींचे नंबर देऊन काढायचं असेल तर दुसऱ्यांदा चालवलं तरी बिघडत नाही, गेलेलं परत जात नाही. म्हणून 'परत चालवलं तर काय होईल' ही ओळ वर्णनात हवीच हवी.

नोव्हेंबर २०२४ मधे अँथ्रोपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला, एजंट आणि टूल यांच्या बोलण्याची एक ठरलेली रीत. २०२५ पासनं त्यात टूलला खुणा लावता येतात: फक्त वाचतं का, नासधूस करू शकतं का, परत चालवलं तर चालतं का. आणि मला आवडलं ते हे, की काहीच लिहिलं नाही तर टूल नासधूस करणारं आहे असंच धरलं जातं. तरी त्या नुसत्या खुणा, कुलूप नव्हे. जुलै २०२५ मधे रेप्लिट या सॉफ्टवेअर बनवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एजंटानं, बदल करू नको असं सांगितलेलं असताना, चालू डेटाबेस पुसला आणि वर परत आणता येणार नाही असंही सांगितलं, प्रत्यक्षात मात्र डेटा परत आणता आला. म्हणून लिहिण्याबरोबर अधिकारही तोडायचे: आधी नुसती मोजणी आणि चार नमुने दाखवायचे, माणसानं हो म्हटलं की मगच डिलीट, आणि तेही लगेच पुसायचं नाही, 'काढलेलं' अशी तारीख टाकून बाजूला ठेवायचं.

आमचं वर्णन आता पंधरा ओळींचं झालंय. 'पत्त्यात बेळगाव आहे म्हणून नोंद जुनी धरू नये' हे त्यात सगळ्यात वर आहे. त्या क्लार्कला वाचायला दिलं तर त्यानं अजून एक ओळ घालायला लावली, सभासद मयत असला तरी वारसाची नोंद होईपर्यंत खात्याला हात लावायचा नाही.