टर्मिनलमध्ये माऊस नक्की कुणाचा? सिलेक्ट होत नाही त्यामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात आता लिनक्स सर्व्हरवर काम करणारी पोरं भरपूर झालीत, गोकुळ शिरगाव आणि शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांची सॉफ्टवेअरं बघणारी आहेत, राजारामपुरीतल्या छोट्या ऑफिसात बसून बाहेरगावच्या क्लायंटचे सर्व्हर सांभाळणारी आहेत, आणि या सगळ्यांकडून एक तक्रार हमखास येते की टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, माऊसनं ओढलं की सिलेक्ट होईना, किंवा सिलेक्ट होतंय पण कॉपी होईना, कालपर्यंत तर होत होतं. मग कुणी माऊस बदलून बघतं, कुणी टर्मिनल काढून परत इन्स्टॉल करतं. बहुतेक वेळा कायबी बिघडलेलं नसतं. माऊसवर हक्क टर्मिनलचा का त्याच्या आत चाललेल्या प्रोग्रामचा, हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी पडला, त्यावर तेव्हा जी तडजोड झाली ती आपण आजही वापरतोय, आणि ती आपल्याला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवत नाही.

मुळात टर्मिनल ही वस्तूच माऊसच्या जमान्यातली न्हाई. टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र १९६३ मधलं, कागदाच्या रोलवर सेकंदाला १० अक्षरं खडखडत छापणारं, युनिक्सची सुरुवातीची वाढ असल्याच यंत्रांवर झाली. पुढं स्क्रीनवाली टर्मिनलं आली, त्यातलं सगळ्यात गाजलेलं डेक कंपनीचं व्हीटी१००, साल १९७८, ८० कॉलम आणि २४ ओळी. कर्सर इकडं न्या, एवढा भाग पुसा, अक्षर ठळक करा, असल्या सूचना त्याला एस्केप सिक्वेन्स म्हणून मजकुराच्याच ओघात पाठवायच्या. आपण आज वापरतो ती जीनोम टर्मिनल, कॉन्सोल, पुटी वगैरे सगळी मंडळी या व्हीटी१०० च्या घराण्याचीच नक्कल करतात. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच की कॉम्प्युटर आणि टर्मिनल यांच्यामधल्या तारेतून फक्त अक्षरं जायची, एकामागून एक, माऊससाठी तिथं जागाच ठेवलेली नव्हती.

माऊस वाढला वेगळ्याच घरात. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे चालवून दाखवला, आणि १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या एडिटरमध्ये माऊसनं मजकूर निवडणं, कापणं आणि चिकटवणं आजच्या रूपात आणलं. तिथं सगळं सोपं होतं कारण मजकूरही एडिटरचा आणि माऊसही एडिटरचाच, मालक एकच. टर्मिनलमध्ये मात्र मालक दोन असतात, खिडकी एकाची आणि आतला मजकूर दुसऱ्याचा, सगळी भानगड तिथंच सुरू होते.

ही दोन घरं एकत्र आली एक्सटर्ममध्ये. १९८४ च्या उन्हाळ्यात मार्क व्हँडेव्होर्ड यांनी डेकच्या व्हॅक्सस्टेशन १०० साठी एक टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहायला घेतला होता, त्याच सुमारास एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम, म्हणजे युनिक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा, उभी राहत होती, आणि लवकरच लक्षात आलं की हा प्रोग्राम एक्सचाच भाग केला तर जास्त उपयोगी पडेल. तोच हा एक्सटर्म. १९९६ पासून थॉमस डिकी तो सांभाळतायत, अजूनही, एका माणसानं एवढी वर्षं एक प्रोग्राम जपणं याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

एक्सटर्ममध्ये डाव्या बटणानं ओढायचं, उजव्यानं निवड वाढवायची आणि मधल्यानं चिकटवायची, कॉपी नावाची वेगळी पायरीच न्हाई, निवडलं की झालं. एक्समध्ये याला प्रायमरी सिलेक्शन म्हणतात आणि कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही वाला क्लिपबोर्ड त्याच्यापेक्षा वेगळा. दोन कप्पे आहेत, बघा, आणि निम्म्या तक्रारी इथंच सुटतात, माणूस माऊसनं निवडतो, ब्राउझरमध्ये जाऊन कंट्रोल-व्ही दाबतो आणि तिथं सकाळी कॉपी केलेलंच येतं, कारण नवीन मजकूर दुसऱ्या कप्प्यात आहे, स्क्रोलचं चाक दाबलं तर बरोबर येईल. अजून एक गंमतीची व्यवस्था म्हणजे एक्समध्ये निवडलेला मजकूर लगेच कुठं साठवला जातच न्हाई, तो कुणाकडं आहे एवढीच नोंद होते आणि चिकटवताना त्या प्रोग्रामकडून मागवला जातो, म्हणून मधल्या वेळात ती खिडकी बंद केली की मजकूर गायब.

आता कंट्रोल-सी कॉपीला का चालत न्हाई, तर ती जागा माऊसच्या कितीतरी आधी भरलेली, टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चाललेला प्रोग्राम थांबवा. त्यामुळं जीनोम टर्मिनलसारख्यांनी कंट्रोल-शिफ्ट-सी घेतलं. नवीन पोरगं लॉग कॉपी करायला जातं आणि चालू इम्पोर्ट मारून बसतं ते यामुळंच.

खरी गुंतागुंत मात्र पुढं आहे. आतल्या प्रोग्रामलाही माऊस हवा होता, एडिटरमध्ये क्लिक केलं की कर्सर तिथं जावा एवढी साधी अपेक्षा. तारेतून जातात फक्त अक्षरं, म्हणून एक्सटर्मनं सोय केली ती अशी: प्रोग्रामनं एक ठरावीक एस्केप सिक्वेन्स पाठवायची, त्यातला नेहमीचा मोड १०००, ओढण्याच्या हालचाली हव्या असतील तर १००२, आणि तिथून पुढं प्रत्येक क्लिक टर्मिनल स्वतः न वापरता बटण, कॉलम आणि ओळ अशा अक्षरांच्या रूपात आत पाठवून देतो. म्हणजे त्या क्षणापासून माऊस प्रोग्रामचा. मग वापरणाऱ्याला टर्मिनलचंच सिलेक्शन हवं असेल तर? त्यासाठी शिफ्ट. शिफ्ट धरून ओढलं की क्लिक आत जात न्हाई, टर्मिनल स्वतः निवडतो. हीच ती तडजोड. एक्सटर्मची ही पद्धत बहुतेक सगळ्यांनी उचलली, मॅकवर तेवढं आयटर्ममध्ये ऑप्शन की आणि तिथल्या मूळ टर्मिनलमध्ये एफएन की धरायची.

त्या जुन्या पद्धतीत कॉलमचा आकडा ३२ मिळवून एकाच बाइटमध्ये पाठवायचे, बाइट २५५ पर्यंतच, म्हणजे २२३ च्या पुढच्या कॉलमवर क्लिक केलं तर त्याचा पत्ताच लागायचा न्हाई. ८० कॉलमच्या काळात कुणाला याचं काय, पण रुंद मॉनिटर आले आणि स्क्रीनच्या उजव्या बाजूला माऊस चालेना असल्या तक्रारी सुरू झाल्या. २०१२ मध्ये एक्सटर्ममध्ये १००६ हा मोड आला, त्यात आकडे सरळ दशमान पद्धतीनं लिहून जातात, त्यामुळं ती मर्यादा गेली. जुना प्रोग्राम आणि मोठी स्क्रीन अशी जोडी असेल तर आजही हे बघायला मिळतं.

मग एवढी जुनी गोष्ट गेल्या दहा वर्षांतच सगळ्यांना का बोचायला लागली? कारण डिफॉल्ट, म्हणजे आपण काही न सांगता लागू असणाऱ्या सेटिंग, बदलले. टीमक्स म्हणजे एकाच टर्मिनलचे अनेक भाग करून देणारा प्रोग्राम, त्याच्या २.१ आवृत्तीत, २०१५ साली, माऊसचे चार-पाच वेगवेगळे पर्याय काढून एकच माऊस ऑन ठेवला, ते चालू करणं सोपं झालं आणि लोकांनी एकमेकांच्या कॉन्फिग फायलींतून ते उचललं. २०१६ मध्ये व्हिम या एडिटरची ८.० आवृत्ती आली, त्यात वापरणाऱ्याची स्वतःची व्हिमआरसी ही सेटिंगची फाईल नसेल तर एक डिफॉल्ट फाईल लागू होते आणि ती माऊस चालू करते. पुढच्या वर्षी डेबियन ९ या लिनक्स आवृत्तीबरोबर हा व्हिम हजारो सर्व्हरवर पोचला आणि ज्यांची उभी हयात व्हिममधून माऊसनं ओळी उचलण्यात गेली त्यांना एका अपडेटनंतर ते जमेनासं झालं, ओढलं की व्हिज्युअल मोड, म्हणजे व्हिमचं स्वतःचं सिलेक्शन, सुरू. मला विचाराल तर हा बदल सर्व्हरसाठी चुकीचाच होता, कारण एसएसएचवरून, म्हणजे लांबून जोडून, आत शिरलेल्या माणसाला व्हिमच्या आतलं रजिस्टर, म्हणजे व्हिमचा स्वतःचा कप्पा, काय कामाचं, त्याला मजकूर आपल्या लॅपटॉपवर हवा असतो. आपल्या होम फोल्डरमध्ये रिकामी व्हिमआरसी ठेवली तरी ती डिफॉल्ट फाईल लागत न्हाई, किंवा त्यात सेट माऊस इक्वल टू एवढंच लिहून पुढं काही न लिहिता सोडायचं.

टीमक्समध्ये माऊस ऑन असला की निवडलेलं टीमक्सच्या बफरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कप्प्यात, जातं, ते प्रीफिक्स (टीमक्सला सूचना देण्याआधी दाबायची की, सहसा कंट्रोल-बी) आणि उजवा चौकोनी कंस दाबून टीमक्समध्येच चिकटतं, बाहेर बऱ्याचदा न्हाई. शिफ्ट धरून ओढलं तर बाहेर येतं, पण टर्मिनलला टीमक्सचे पेन, म्हणजे त्यानं केलेले स्क्रीनचे भाग, कळत न्हाईत, त्याला सगळी एकच जाळी दिसते, त्यामुळं शेजारच्या पेनचा मजकूर आणि मधली उभी रेषही सोबत येते. त्याला उपाय म्हणजे आधी प्रीफिक्स आणि झेड दाबून तो पेन पूर्ण स्क्रीन करायचा, मग शिफ्ट धरून ओढायचं.

विंडोजवाल्यांची कथा वेगळी. सायमन टॅथम यांच्या पुटीनं एक्सटर्मची रीत घेतली, निवडलं की कॉपी, पेस्ट मात्र उजव्या क्लिकनं. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये, म्हणजे कमांडच्या खिडकीत, मात्र क्विक एडिट असतं, चुकून एक क्लिक झालं तरी सिलेक्शन सुरू होतं आणि तोवर आतला प्रोग्राम पुढचं आउटपुट लिहायला थांबून राहतो. रात्री लावलेला डेटा इम्पोर्ट सकाळी तिथंच अडकलेला दिसला तर सर्व्हरला दोष द्यायच्या आधी खिडकीच्या टायटलमध्ये सिलेक्ट असं लिहिलंय का बघा, एस्केप दाबलं की गाडी पुढं जाते.

आणि माऊस हलवला की प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीवर, आकडे, सेमीकोलन, एम असला कचरा पडायला लागला तर त्याचंही मूळ वरचंच. एखादा प्रोग्राम मध्येच मेला किंवा एसएसएच तुटलं, माऊस परत करायची सिक्वेन्स पाठवायची राहून गेली, टर्मिनलला वाटतं अजून कुणीतरी आत ऐकतंय. रिसेट कमांड टाइप करा, कचऱ्यातच टाइप केली तरी चालते, आधी एकदा एंटर मारा म्हणजे झालं.

एक भाग आपल्या मराठीचाही आहे, आणि त्यावर फार कमी लोक बोलतात. टर्मिनलची जाळी एक अक्षर एक चौकोन अशा हिशोबावर उभी आहे. मार्कस कून यांचा रुंदी मोजायचा जो कोड खूप ठिकाणी पसरला त्यात उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना शून्य रुंदी आणि काना, वेलांटी, ओकार यांना एक, त्यामुळं कु एका चौकोनात बसतो आणि कि दोन चौकोन घेतो. कोल्हापूर लिहायला ९ कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली सुटी चिन्हं, लागतात आणि या हिशोबानं चौकोन होतात ७, आपल्या डोळ्याला मात्र अक्षरं दिसतात ४. फॉन्ट जोडाक्षर नीट जुळवून काढायला गेला की चित्र आणि जाळी यांची फारकत होते, म्हणून मराठी नावं असलेली फाईल कॅट कमांडनं स्क्रीनवर दाखवून माऊसनं ओढली की निळा पट्टा एकीकडं आणि हाताला लागलेला मजकूर दुसरीकडं, एखादी वेलांटी मागंच राहते. अशा वेळी माऊसच्या नादी लागू नका, ओळ ग्रेप या शोधायच्या कमांडनं काढून फाईलमध्ये टाका आणि ती एससीपी या फाईल पाठवायच्या कमांडनं आपल्याकडं ओढा, त्यातले बाइट जसेच्या तसे येतात.