येशू ‘अर्धा देव, अर्धा माणूस’ नव्हे

नागपुरात सदरच्या चर्चमध्ये नाताळची गव्हाणी पाहताना दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, “येशू म्हणजे अर्धा देव, अर्धा माणूस ना?” नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांची श्रद्धा तशी नाही. इ.स. 451 मध्ये खाल्केदोन (आजच्या तुर्कस्तानात) इथे भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने ठरवून सांगितलं: येशू ही व्यक्ती एकच, स्वभाव म्हणजे मूळ स्वरूपं दोन, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. दुधात पाणी घातल्यासारखी भेसळ नाही, वाटणीही नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात आपला मित्र लाजर याच्या कबरीकडे जाताना येशू रडतो, अगदी आपल्यासारखा. आणि तिथेच मोठ्याने हाक मारून चार दिवसांपूर्वी पुरलेल्या या मित्राला जिवंत उठवतो. रडणारा आणि उठवणारा एकच. कॉप्टिक (इजिप्तमधले) आणि सिरियन ऑर्थोडॉक्स या जुन्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळींनी खाल्केदोनची सभा मानली नाही, पण ‘अर्धा-अर्धा’ तेही म्हणत नाहीत.