जवारी आणि जपानी डबा

गिटार वाजवणाऱ्याला घरी एकट्याने सराव करायचा असेल तर साथीला कोण बसणार? जपानच्या रोलँड कंपनीने १९८१च्या अखेरीस यावर टीबी-३०३ नावाचं उत्तर बाजारात आणलं. चंदेरी रंगाचा, मांडीवर मावेल एवढा डबा. बेस गिटारच्या, म्हणजे खालच्या सुरात साथ करणाऱ्या गिटारच्या, ओळी त्यात आधी भरून ठेवायच्या, शेजारी ठेका धरायला त्याचा जोडीदार टीआर-६०६ लावायचा आणि आपण गिटार घेऊन बसायचं. योजना झकास होती. अडचण एकच, डब्याचा आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता. १९८४पर्यंत उत्पादन थांबलं. साधारण दहा हजार डबे बनले होते, त्यातले कितीतरी जुन्या वाद्यांच्या दुकानांत पडेल भावाला जाऊन बसले.

नक्कल फसली त्याला कारण होतं. खऱ्या तारेवरचा प्रत्येक आघात निराळा असतो. बोटाचा जोर बदलतो, छेडण्याची जागा बदलते, तार जिथे दाबली तिथला ताण बदलतो. डब्यात मात्र एकच ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक आकाराची विद्युत लहर पुन्हापुन्हा काढणारं सर्किट. लहरीचे आकारही दोनच, करवतीच्या दात्यांसारखा आणि चौकोनी.

पण या लहरी दिसतात तेवढ्या गरीब नसतात. करवती लहर सेकंदाला ११० वेळा फिरली की आपल्याला ११० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो, आणि त्याच्या पोटात २२०, ३३०, ४४०, ५५० असे पटीतले स्वरही एकाच वेळी वाजत असतात. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना हार्मोनिक म्हणतात, गाणारी मंडळी स्वयंभू स्वर म्हणतात. चौकोनी लहरीत यांपैकी फक्त विषम पटीचे असतात, म्हणून तिचा आवाज पोकळ लागतो.

हा सगळा ऐवज पुढे फिल्टरमधून जातो. फिल्टर ठरावीक मर्यादेच्या वरचे स्वर अडवतो. ती मर्यादा हलवण्यासाठी डब्यावर ‘कटऑफ’ लिहिलेली एक छोटी खुंटी आहे. तिच्याशेजारी दुसरी, ‘रेझोनन्स’ची. ती वाढवली की फिल्टरमधून बाहेर पडलेल्या आवाजाचा काही भाग पुन्हा त्याच फिल्टरच्या तोंडाशी आणून सोडला जातो, आणि नेमका मर्यादेवर उभा असलेला स्वर फुगून वर येतो. आता पहिली खुंटी हळूहळू फिरवा. मूळ स्वर जागचा हलत नाही, पण त्याच्या पोटातला एकेक स्वयंभू स्वर पाळीपाळीने डोकं वर काढतो. कानाला ते ‘वाँव’, ‘याँव’ असं काहीतरी ऐकू येतं. यंत्र बोलतंय असं वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. एकाच सुरावर ‘ऊ’ धरून सावकाश ‘ई’पर्यंत जा. गळा तोच सूर देत राहतो. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि त्यातले वेगवेगळे स्वयंभू स्वर उठून दिसतात.

शिकागोतल्या तीन तरुणांना यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांच्या ‘फ्यूचर’ या गटाच्या हाती जुना ३०३ आला, पण तो कसा चालवायचा ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. तसं पाहिलं तर डब्यात ओळ भरणं हेच एक दिव्य होतं. आधी सगळे स्वर भरायचे, मग त्यांच्या वेळा वेगळ्या भरायच्या. एक चुकलं की पुढचं सगळं सरकतं आणि कुणी न योजलेली चाल तयार होते. बॅटऱ्या संपल्या तर आतली स्मृती विस्कटते आणि पुन्हा सुरू केल्यावर डबा स्वतःचंच काहीतरी वाजवू लागतो. पिएरने तो ठेक्याबरोबर चालू केला आणि खुंट्या पिरगाळायला सुरुवात केली. त्यातून ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही अकरा मिनिटांहून लांब रचना झाली. चाल तीच, वाजतो तोच तुकडा. बदलतो फक्त आवाजाचा रंग. क्लबमध्ये डीजे रॉन हार्डीने ती एकाच रात्रीत चार वेळा लावली. आधी लोक गोंधळले, चौथ्या वेळी त्यांनी नाचून धुमाकूळ घातला, असं सांगतात. १९८७ला तबकडी निघाली आणि ‘ॲसिड हाउस’ ही नाचाच्या संगीताची शैली जगभर गेली.

अकरा मिनिटं एकच तुकडा, आणि कान कंटाळत नाही? आपल्याकडच्या श्रोत्याला याचं नवल वाटू नये. मैफलभर तंबोरा चार तारा त्याच क्रमाने वाजवत असतो. तिथे स्वर बदलत नाहीत म्हणूनच कान आवाजाच्या आत शिरतो. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, किंचित बाकदार असते. मिरजेचे कारागीर ती घासून जवारी काढतात, आणि तार व घोडी यांच्यामधला दोरा सरकवून ती नेमकी लावली जाते. छेडलेली तार त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कंप पावते आणि मूळ स्वराची ऊर्जा वरच्या स्वयंभू स्वरांत जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिताना याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. तार मधोमध छेडली तर सम पटीचे स्वर ऐकू येता कामा नयेत असा जुना नियम, कारण त्या स्वरांसाठी मधला बिंदू स्थिर असायला हवा. तंबोऱ्यात ते खुशाल ऐकू येतात.

दोन्हींची यंत्रणा मात्र उलटी आहे. जवारी स्वयंभू स्वर निर्माण करते, फिल्टर आयत्या स्वरांतून निवड करतो. कानावर पडणारी सरकती झळाळी तेवढी सारखी, आणि त्यासाठी लागणारी अटही सारखी, ती म्हणजे खालचा सूर हलता कामा नये.

नेमकी हीच अट मुंबईत आधीच पाळली गेली होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले जुने वादक. त्यांच्याकडे टीबी-३०३, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर होता. १९८२ साली त्यांनी या तिघांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस, मेघ मल्हार वगैरे. पुढच्या वर्षी एचएमव्हीने तबकडी काढली, ती फारशी खपली नाही. पाश्चात्त्य डिस्को गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बदलत राहतात, रागात तसं करायला जागाच नाही. तेव्हा ३०३ने एका षड्जाभोवती घुटमळत राहणं ओघानेच आलं. शिवाय डब्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. स्वर जवळचा असो वा लांबचा, घसरायला लागणारा वेळ सारखाच. मींड नव्हे ती, मींडेची ओबडधोबड बहीण म्हणा फार तर. पण सिंग यांच्या हातात ती शोभते.

२०१०मध्ये ही तबकडी नेदरलँड्समधून पुन्हा निघाली तेव्हा ऐकणाऱ्यांना ती १९८२ची आहे हेच पटेना. हल्लीच्या कुणीतरी जुनी म्हणून खपवलेली गंमत असणार, अशी कुजबुज झाली. मग काहींनी दुसरं टोक गाठलं आणि ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला असं जाहीर करून टाकलं. मला ते पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती असं मानायला काही आधार नाही. शिवाय सिंग यांचा खेळ वेगळा होता. त्यांनी ३०३ला साथीदाराच्याच जागी बसवलं, राग उलगडला तो ज्युपिटरवर, आणि खुंट्या पिरगाळण्याचा हव्यास धरला नाही. फ्यूचरने साथीदारालाच मुख्य गायक केलं. एकाच डब्याशी दोन घरांत दोन तऱ्हांनी खेळलं गेलं, आणि दोन्हीकडे बेस गिटारची आठवण कुणालाच झाली नाही.

सत्तरी ओलांडल्यावर सिंग यांना परदेशातून बोलावणी आली आणि युरोपच्या मंचांवर त्यांनी हे राग नव्या पिढीसमोर वाजवले. २०१५ला ते गेले. पुढच्या वर्षी रोलँडने टीबी-०३ या नावाने जुन्या डब्याची अधिकृत प्रतिकृती बाजारात आणली. यावेळी नक्कल करायची होती ती बेस गिटारची नव्हे, ३०३ची.