नेरुळची दोन डेंटल कॉलेजं आणि प्रवेशाचे दोन रस्ते

बीडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचे, ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली की ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांत आधी प्रवासाचा हिशेब मांडला जातो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने थेट नेरुळ, तिथून पुढे बेलापूर, खारघर. सगळी कॉलेजं एकाच पट्ट्यात असल्याने ती एकाच यादीतली वाटतात, पण तशी ती नाहीत. नेरुळमध्येच एक कॉलेज अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं आहे आणि दुसरं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न. बेलापूरचं कॉलेज पुण्याच्या एका अभिमत विद्यापीठाचं, तर खारघरचं पुन्हा नाशिककडे. प्रवेशाची फेरी, आरक्षण, फी आणि शिष्यवृत्ती या सगळ्या गोष्टी कॉलेज यांपैकी कोणत्या गटात मोडतं यावर ठरतात. दोन गटांतली ही दरी कशी पडली, हे फॉर्म भरण्याआधी माहीत असायला हवं.

मुंबई सेंट्रलजवळचं पालिकेचं डेंटल कॉलेज 1933 सालचं. पुढची कित्येक दशकं दंतवैद्य व्हायचं तर ठाण्याच्या मुलाला मुंबईच गाठावी लागे. ऐंशीच्या दशकात राज्याने विनाअनुदानित खासगी कॉलेजांना दार उघडलं. मागोमाग कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी उकळलेली देणगी, आली आणि 1987 मध्ये ती रोखणारा कायदाही करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी घातली, 2002 मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडली.

याच वर्षी नेरुळच्या संस्थेला अभिमत दर्जा मिळाला. हा दर्जा 1956 च्या केंद्रीय कायद्याखाली मिळतो. पदवी स्वतःची, परीक्षा स्वतःची, आणि तेव्हा प्रवेशही स्वतःचेच. राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, 1999 पासून सुरू होती. खासगी कॉलेजांच्या संघटनेची वेगळी ‘असो-सीईटी’ आली. त्यात अभिमत विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा आणि देशपातळीवरच्या 15 टक्के जागांसाठी एआयपीएमटी ही आणखी एक परीक्षा. बारावीचा पेपर संपला की मुलं एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर पळत असत, आणि प्रत्येक अर्जाचे पैसे वेगळे. खर्च परवडणाऱ्या घरातल्या मुलाला चार संधी आणि बाकीच्यांना एक, असा तो उघड अन्याय होता.

5 मे 2013 रोजी पहिली नीट, म्हणजे देशभरासाठी एकच प्रवेश परीक्षा, झाली. 18 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि 11 एप्रिल 2016 रोजी तो निकाल मागे घेतला. त्या वर्षीचा गोंधळ ज्यांनी घरात पाहिला ते विसरणार नाहीत. 1 मे रोजी नीटचा पहिला टप्पा, 5 मे रोजी राज्याची सीईटी, 24 मे रोजी राज्यांना वर्षभराची सूट देणारा केंद्राचा वटहुकूम आणि 24 जुलैला नीटचा दुसरा टप्पा. सरकारी जागा सीईटीच्या गुणांवर, खासगी आणि अभिमत जागा नीटवर.

ऑगस्टमध्ये राज्याने निर्णय घेतला, की अभिमत विद्यापीठांसह सगळ्या खासगी जागांचे प्रवेश राज्यच एकत्र करेल. परीक्षा एक असेल तर गुणवत्ता यादीही एक हवी आणि जागा कुणाला दिली हे सगळ्यांना दिसायला हवं, ही त्यामागची भूमिका. अभिमत संस्थांचं म्हणणं, आम्ही केंद्राच्या कायद्याखाली आहोत, आमचे विद्यार्थी देशभरातून येतात, राज्याला हा अधिकार नाही. त्यांची प्रवेशप्रक्रिया तेव्हा निम्म्यावर आली होती, हेही खरं. त्या उच्च न्यायालयात गेल्या, त्यांना दिलासा मिळाला आणि त्या वर्षीचे बहुतेक प्रवेश त्यांनीच केले. राज्याची वेळ चुकली, मागणी मात्र रास्त होती. हाच निर्णय प्रवेश सुरू होण्याआधी झाला असता तर आजचं चित्र कदाचित वेगळं असतं.

2017 पासून अभिमत जागांचं काऊन्सेलिंग दिल्लीहून केंद्रीय समितीमार्फत होऊ लागलं. व्यवस्थापनाच्या हातातली प्रवेशाची किल्ली गेली, हा मोठा फायदा. पण या जागा राज्याच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, आल्या नाहीत. तिथे महाराष्ट्राचा डोमिसाइल उपयोगाचा नाही, राज्याचं जातनिहाय आरक्षण नाही, आणि नोंदणीलाच 2 लाखांची परत मिळणारी अनामत भरावी लागते. राज्याच्या 2015 च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण संलग्न कॉलेजांची फी ठरवतं. अभिमत कॉलेजं त्याच्या कक्षेबाहेर. शिष्यवृत्तीचंही तसंच. जुलै 2024 मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना पूर्ण फीमाफी दिली, ती कॅपमधून मिळालेल्या जागेवर. नेरुळच्याच दुसऱ्या कॉलेजात अभिमत जागा घेतलेल्या मुलीला ती नाही. मुलगी तीच, नीटचे गुण तेच.

कॅपच्या 85 टक्के जागांसाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. डोंबिवली-ठाण्याहून क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथूनच बारावी देणारी मुलं इथे अडकतात आणि मग त्यांच्यापुढे मॅनेजमेंट कोटा किंवा अभिमत हेच पर्याय उरतात. क्लासवाले प्रवेश देताना हे क्वचितच सांगतात.

दुसरीकडे बीडीएसच्या जागा रिकाम्या राहतात. 2020-21 च्या सत्रात देशभरात सुमारे 7 हजार जागा उरल्या, तेव्हा फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेचं पर्सेंटाइल दहाने खाली आणायला लावलं. म्हणून उरलेल्या जागांच्या शेवटच्या, स्ट्रे फेरीत येणारे ‘आजच जागा पक्की करा’ असे फोन घाबरून उचलू नयेत. आधी कॅपची यादी पाहावी आणि मिळालेली जागा मनाजोगी असेल तरच स्टेटस रिटेन्शन, म्हणजे हीच जागा कायम ठेवत असल्याचा फॉर्म, भरावं.

दंतवैद्यकासाठीच्या 2023 च्या नव्या केंद्रीय कायद्यात खासगी आणि अभिमत कॉलेजांतल्या 50 टक्के जागांच्या फीबाबत मार्गदर्शक तत्त्वं आखण्याची तरतूद आहे. एमबीबीएससाठी अशीच तरतूद 2019 च्या कायद्यात आली होती आणि त्यावरची तत्त्वं फेब्रुवारी 2022 मध्ये निघाली.