लेमरांच्या टोळीत बायकांचं राज्य, हे कळलं कधी?

मादागास्करच्या लेमरांबद्दल, म्हणजे माकडांच्या या लांबच्या भाऊबंदांबद्दल, युरोपात लिहिलं जात होतं ते बराच काळ कवट्या, दात नि म्युझियममधली कातडी एवढ्यावरच, जिवंत प्राणी एकमेकांशी वागतात कसे हे बघत जंगलात बसायची कोणाला पडली नव्हती. १९५० च्या दशकात फ्रेंच संशोधक जाँ-जाक पेतेर यांनी सुरुवात केली, पण खरी मजा आली ती अमेरिकन संशोधक ॲलिसन जॉली बेरेंटीला पोचल्यावर.

बेरेंटी म्हणजे दक्षिणेत मांद्रारे नदीकाठचं चिंचेचं जंगल, आजूबाजूला घायपाताचे मळे. मळेवाल्या द ओल्म कुटुंबाने १९३६ मध्ये हा तुकडा राखून ठेवला होता म्हणून वाचला. तिथले काळे-पांढरे पट्टेदार शेपटीवाले लेमर चिंचेवरच जगतात म्हटलं तरी चालेल. जॉली बाईंनी बघितलं की नर आरामात चिंच खात बसलाय, मादी येते, एक चापट देते, चिंच घेते, आणि हा गडी चीं चीं करत बाजूला होतो! माकडांच्या अभ्यासात तेव्हा 'नर म्हणजे बॉस' हे गृहीतच धरलेलं, त्यामुळे हे पचायला वेळ लागला.

नरांची आपसातली भांडणं तर वासाची. मनगटावरच्या ग्रंथींवर शेपूट घासायची, मग ती डोक्यावरून पुढे वाकवून समोरच्याच्या दिशेने थरथरवायची, आणि समोरचाही तेच करणार.

१९६६ मध्ये जॉलींनी अजून एक मुद्दा मांडला, माझ्या मते तोच सगळ्यात भारी. वस्तू हाताळायच्या साध्या कोड्यांमध्ये लेमर माकडांपुढे ढ, पण टोळीतलं राजकारण माकडांइतकंच गुंतागुंतीचं, म्हणजे आधी समाज आला आणि त्यात निभवता निभवता डोकं वाढलं असणार. दहा वर्षांनी मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्रींनी असंच काहीसं मांडलं तेव्हा त्याची जास्त चर्चा झाली, असो.

१९६६ मध्येच अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत लेमर सेंटर सुरू झालं, मग वासाची केमिस्ट्री, हॉर्मोन्स, आवाजांची रेकॉर्डिंग असं सगळं सुरू झालं. ससाणा दिसला की एक हाक नि जमिनीवरचा शिकारी आला की वेगळी, हे १९९० च्या आसपास नीट तपासलं गेलं.

मादी वरचढ का, यावर मात्र अजून वाद आहे. कोणी म्हणतं तिथल्या कोरड्या दिवसांत पिल्लं वाढवायची तर तिला आधी खायला मिळायलाच हवं, कोणी गर्भातल्या हॉर्मोन्सकडे बोट दाखवतं, आणि तपकिरी लेमरांच्या टोळ्यांत तर बहुतेक वेळा कोणीच वरचढ दिसत नाही, मग दोन्ही थिअऱ्यांची गाडी तिथे अडते.