तेम्पुरा आधी गाडीवरचाच

एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथल्या कारागिरांची आणि फेरीवाल्यांची चित्रं कुवागाता केइसाई या चित्रकाराने १९व्या शतकाच्या सुरुवातीला एका लांबलचक गुंडाळीवर काढून ठेवली आहेत. त्यात तेम्पुऱ्याची, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या मासळी-भाजीची, एक गाडी दिसते. गिऱ्हाइकांमध्ये एक सामुराई आहे आणि त्याने डोक्यावरून फडकं ओढून तोंड लपवलंय. दोन तलवारी बाळगायचा मान असलेला माणूस रस्त्यावर उभा राहून तळण खातोय, ओळखीच्या कुणी पाहिलं तर?

आज तोच तेम्पुरा टोकियोत लाकडी कट्ट्यापलीकडून, एकेक नग, पांढऱ्या कागदावर ठेवून वाढतात आणि बिल बघून गिऱ्हाइकावर वेगळ्या कारणाने तोंड लपवायची वेळ येते.

तेम्पुऱ्याबद्दल कुठेही वाचा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: तो पोर्तुगिजांनी जपानात आणला. हे खोटं नाही, पण गोष्ट तिथे जेमतेम अर्धी होते. उरलेली अर्धी त्या गाडीवर घडली.

पोर्तुगीज १५४३ साली तानेगाशिमा बेटावर उतरले ते बंदुका घेऊन. सहा वर्षांनी फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला पोचला, तो गोव्याहून निघून. सोबत आंजिरो नावाचा जपानी होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता आणि जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकलाही होता. पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या कारभाराची राजधानी गोवा. तिथून मलाक्का, मकाव आणि १५७१पासून नागासाकी, असा जहाजांचा रस्ता. या रस्त्याने शब्दही गेले. पावाला जपानीत ‘पान’ म्हणतात, तंबाखूला ‘ताबाको’. आपला पाव आणि त्यांचं पान एकाच पोर्तुगीज भट्टीतले.

‘तेम्पुरा’ हा शब्दही त्यातलाच, पण नेमका कशावरून याबद्दल एकमत नाही. कॅथलिकांमध्ये वर्षातून चार वेळा तीन-तीन दिवसांचे उपास असत, त्यांना लॅटिनमध्ये ‘क्वातुओर तेम्पोरा’ म्हणत. त्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून मासे आणि भाज्या पिठात बुडवून तळायच्या, त्यावरून तेम्पुरा, असा एक पक्ष. दुसरा पक्ष ‘तेम्पेरो’ या शब्दाकडे बोट दाखवतो. त्याचा अर्थ चव आणणारा मसाला. मला दुसरी व्युत्पत्ती जास्त पटते, कारण स्वयंपाकघरात उपासाच्या नावापेक्षा मसाल्याचं नाव दिवसातून दहादा कानावर पडतं. पोर्तुगालमध्ये फरसबी पिठात बुडवून तळतात, तिला आजही ‘परसातली मासुली’ अशा अर्थाचं नाव आहे.

तिसरी कथा एदोतली, आणि तिच्यात चक्क आपण आहोत. एक माणूस ओसाकाहून भटकत एदोला आला आणि तळलेले मासे विकायला लागला. पदार्थाला नाव हवं म्हणून तो लेखक सान्तो क्योदेनकडे गेला. बेवारशी भटक्याला तेव्हा ‘तेन्जिकु रोनिन’ म्हणत. तेन्जिकु म्हणजे हिंदुस्थान, तेव्हाच्या जपान्यांच्या लेखी जगाचं दुसरं टोक. त्यातला ‘तेन’ घेऊन क्योदेनने शब्द जुळवला म्हणे. कथा झकास, पण टिकत नाही. क्योदेन जन्मला १७६१ साली आणि मासा पिठात घोळून तळायची कृती १७४८च्या पाकपुस्तकात या नावासकट आहे.

जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासु तेम्पुरा खाऊन मेला, ही अशीच एक आवडती दंतकथा. १६१६ साली त्याने तेलात तळलेला ताई मासा खाल्ला, पोट बिघडलं आणि काही महिन्यांनी तो वारला, एवढं खरं. पण त्या माशावर पीठ असल्याचा उल्लेख नाही आणि त्याला पोटाचा कर्करोग असावा असं आज मानतात.

पोर्तुगिजांना १६३९ साली देशाबाहेर घालवलं. तळण मागे राहिलं, पण ते श्रीमंतांचं; तेल महाग, आणि होतं ते दिव्यात जाई. पुढे मोहरीच्या जातीच्या नातानेचं पीक वाढलं, तेल जरा आवाक्यात आलं. पण कढई ठेवायची कुठे? एदो लाकडाचं आणि कागदाचं शहर. १६५७च्या आगीत निम्म्याहून जास्त शहर जळालं होतं. अशा घरात उकळतं तेल म्हणजे घरातच काडी पेटवून ठेवणं. म्हणून तळण उघड्यावर गेलं, पुलांच्या तोंडाशी, नदीच्या काठाला. १७७०-८०च्या सुमारास तेम्पुऱ्याच्या गाड्या शहरभर झाल्या.

मग सगळं त्या गाडीने ठरवलं. ताटवाट्या नाहीत, म्हणून नग बांबूच्या काडीवर. उभ्याने खायचं, म्हणून दोन घासांचा. समोर एदोचा उपसागर, म्हणून त्यातलीच ताजी मासळी: कोळंबी, आनागो वाम, किसु, माकूळ. सगळ्यांना मिळून रसाचा एकच वाडगा, त्यात काडी बुडवायची, सोबत किसलेला पांढरा मुळा. एका काडीला ४ मोन (तेव्हाचं चलन). १७६८पासून ४ मोनचं नाणं चालू होतं, त्यामुळे सुट्ट्याचीही कटकट नाही: एक नाणं, एक काडी. सोबा शेवयांचा वाडगा तेव्हा १६ मोनला होता. आणि मुख्य म्हणजे कढईतून काढलेला नग तिथल्या तिथे तोंडात. पातळ कुरकुरीत आवरणाची किंमत यात आहे. पाच मिनिटांनी खायचा असता तर इतकं पातळ पीठ लावण्यात काही अर्थच नव्हता.

भाज्यांच्या तळणाला एदोत तेम्पुरा म्हणत नसत. तो मान माशांचा, भाज्या त्या ‘शोजिन-आगे’, म्हणजे शाकाहारी तळण. ओसाकाकडे तर तेम्पुरा म्हटलं की माशाच्या वाटणाचे तळलेले वडे पुढे येत. नागासाकीचा प्रकार आणखी निराळा: पीठ जाड, त्यात मीठ-साखर घातलेली, रसात न बुडवता खायचा. पोर्तुगिजांनी काय आणलं असेल त्याचा अंदाज करायचा तर तो नागासाकीत करावा.

१९व्या शतकात काही गाडीवाल्यांनी दुकानं थाटली. टोकियोच्या आसाकुसा भागातलं सानसादा आपलं साल १८३७ सांगतं. १९२३च्या भूकंपात टोकियो बेचिराख झालं तेव्हा तिथले आचारी देशभर पांगले आणि एदोची पद्धत सगळीकडे पोचली. कट्ट्यामागचा आजचा आचारी म्हणजे छताखाली आलेला गाडीवालाच. तळणारा समोर, खाणारा समोर, मध्ये वीतभर लाकूड.

आता घरचा घाणा. आपला हात भज्यांना सरावलेला, आणि इथेच चुकतं. बेसनात ग्लुटेन नसतं, ते कितीही फेटा, हलकंच होतं. गव्हाच्या पिठात पाणी पडलं आणि ते ढवळलं की ग्लुटेन ताणलं जातं. माझा पहिला घाणा मी भज्यासारखा फेटला आणि कोळंबीला रबरी रेनकोट चढला. जपानी आचारी कमी प्रथिनांचं पीठ वापरतात. आपल्या मैद्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर मिसळलं तर बरंच काम होतं. एक अंडं फोडून त्यात बर्फाचं पाणी घालायचं, मिळून २०० मिली. त्यात साधारण १२० ग्रॅम चाळलेलं पीठ टाकून चॉपस्टिकने आठ-दहा वेळा ढोसायचं. गुठळ्या राहिल्या? राहू द्या. आणि हे सगळं तेल तापल्यावर. पीठ भिजवून ठेवायची सवय इथे नडते.

कोळंबी सोलून दोरा काढला की पोटाच्या बाजूने चार-पाच उथळ चिरा द्यायच्या आणि पाठीवर बोटांनी दाबायचं. आतले तंतू सुटल्याचं हाताला कळतं, मग ती कढईत आकडा होत नाही. शेपटीचं टोक छाटून सुरीने आतलं पाणी निपटायचं, नाहीतर तेल अंगावर येतं. कोरड्या पिठात घोळवून मग ओल्यात. तेलात पिठाचा थेंब टाकून पाहा: तळाला गेला तर तेल कमी तापलंय, वरच्यावर चरचरला तर जास्त, मध्यापर्यंत जाऊन उसळला तर बरोबर. कोळंबीला १८० अंश, भाजीला १७०. रताळं आणि लाल भोपळा जरा कमी आचेवर, सावकाश. कढई भरायची नाही, तेल थंड पडतं. बुडबुडे लहान झाले, आवाज बारीक झाला की काढायचं. आतलं पाणी संपत आल्याची ती खूण. पिठाच्या कवचात कोळंबी खरं तर वाफेवरच शिजलेली असते.

रसासाठी चार भाग दाशी, म्हणजे कोंबु शेवाळ आणि सुक्या कात्सुओ माशाचं पाणी, एक भाग सोया सॉस, एक भाग मिरिन, म्हणजे स्वयंपाकात घालायची तांदळाची गोड दारू. एक उकळी काढून कोमट वाढायचा. किसलेला मुळा ऐनवेळी.

झाऱ्यावर पिठाचा जो चुरा येतो तो टाकायचा नाही. त्याला ‘तेनकासु’ म्हणतात आणि तो गरम सोबावर घालतात. टोकियोत त्या वाडग्याला ‘तानुकी सोबा’ म्हणतात. ‘ताने-नुकी’वरून आलं म्हणे, म्हणजे आतला ऐवज काढून घेतलेला तेम्पुरा.