आमरींमधील नैसर्गिक संकर

रानात शेजारी-शेजारी फुलणाऱ्या दोन आमरी (ऑर्किड) जातींमध्ये कीटकांमुळे आपोआप होणारा संकर. माणसाने हाताने परागण करून घडवलेले आमरींचे संकर एक लाखाहून अधिक नोंदले गेले आहेत. म्हणजे या कुलातल्या जाती एकमेकींचा पराग सहसा नाकारत नाहीत. तरीही रानात जाती वेगळ्या राहतात, त्या प्रजननातील अडसरांमुळे. हे अडसर परागणाच्या आधी तरी असतात किंवा नंतर तरी. भूमध्य समुद्राभोवतालच्या आमरींत दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात.

ऑफ्रिस प्रजातीच्या फुलात मध नसतो. फुलाची ओष्ठ-पाकळी मादी मधमाशीसारखी दिसते आणि तिचा गंधही मादीच्या गंधासारखाच असतो. नर तिच्याशी समागम करू पाहतो आणि त्या झटापटीत परागपुंज (परागकणांचे चिकट गठ्ठे) त्याला चिकटतात. इटलीच्या गार्गानो भागात ऑफ्रिस स्फेगोडेस, ऑ. एक्झाल्टाटा आणि ऑ. गार्गानिका एकत्र वाढतात. पहिलीकडे आंद्रेना निग्रोएनिया, दुसरीकडे कोलेटेस क्युनिक्युलॅरियस आणि तिसरीकडे आंद्रेना पिलिपेस या मधमाशीचे नर येतात. जोडीदार ओळखण्याची नराची खूण म्हणजे गंधातील हायड्रोकार्बनांचे (कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांचे) प्रमाण, त्यामुळे परकी फुले बहुधा टळतात. हाताने परागण केले की मात्र या जातींत फळे नीट धरतात. काही ऑफ्रिस जातींत परागपुंज नराच्या डोक्याला लागतात, काहींत पोटाच्या टोकाला. हाही एक अडसरच.

गंधाचे कुंपण क्वचित फसते. दक्षिण फ्रान्समध्ये ऑ. ल्युपरकॅलिस आणि ऑ. अरॅक्निटिफॉर्मिस यांच्या संकराचा गंध दोन्ही पालकांहून निराळा आढळला. त्याकडे आंद्रेना व्हॅगा ही तिसरीच मधमाशी ओढली गेली. संकर म्हणजे नुसती भेसळ, हा समज येथे टिकत नाही.

ऑर्किस आणि अनाकॅम्प्टिस या प्रजातींची फुलेही फसवी. पण ती केवळ अन्नाचे आमिष दाखवतात, आणि त्या आमिषाला नाना प्रकारचे कीटक भुलतात. पराग सर्रास इकडून तिकडे जातो. येथे अडसर परागणानंतर, दोन जातींच्या गुणसूत्रांच्या न जुळणाऱ्या संख्येत असतो. अ. मोरिओची गुणसूत्रे ३६, अ. पॅपिलिओनेशियाची ३२. त्यांचा संकर अ. × गेन्नारी रानात सहज आढळतो, पण तो जवळजवळ वंध्य असल्याने पहिल्या पिढीपलीकडे जात नाही.

आमरीच्या धुळीएवढ्या बियांत भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला पोसणारा अन्नसाठा, नसतो. इतर अनेक वनस्पतींत भ्रूणपोष बिघडल्याने संकर-बी खुरटते. आमरींत तो प्रश्नच उद्भवत नाही. रुजण्यासाठी मात्र बीला योग्य कवक (बुरशी) भेटावे लागते.

युरोपातील डॅक्टिलोरायझा प्रजातीत संकराला गुणसूत्र-दुपटीची जोड मिळाली. डॅ. फुक्सिआय आणि डॅ. इन्कार्नाटा (प्रत्येकी ४०) यांच्या वंशांतून डॅ. माजालिससारख्या ८० गुणसूत्रांच्या, प्रजननक्षम जाती घडल्या. याच प्रजातीत डॅ. फुक्सिआय (४०) आणि डॅ. मॅक्युलाटा (८०) यांचा ६० गुणसूत्रांचा संकरही होतो; निव्वळ पानांवरील ठिपक्यांवरून तो ओळखू जाणे धोक्याचे.